तबकडीचा भाव आणि तबकडीचं मोल

(हडपसर येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘जुन्या ध्वनिमुद्रिका : एक छंद’. छंदाचं कौतुक आपल्याकडे भरपूर होतं, त्यामुळे मी आज कौतुक करणार नाही. संग्राहक मंडळी तबकडीची किंमत कशी ठरवतात आणि ती पद्धत कुठे फसते, एवढंच तपासणार आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे ‘मूल्य’ हा शब्द कुणी सैल वापरला की मला राहवत नाही, हे त्यामागचं कारण.

प्रश्न इथल्या घराघरातला आहे. पेठांमधले वाडे पडले, आपल्यापैकी बरेच जण हडपसर, मांजरी, फुरसुंगीच्या इमारतींमध्ये आलो. पाटा-वरवंटा तिकडेच राहिला, पण तबकड्यांचं खोकं मात्र बरोबर आलं. आता ते माळ्यावर आहे. मुलगा म्हणतो, भंगारात द्या. सून मोबाईलवर बघून म्हणते, अहो, ‘शोले’च्या संवादांची एलपी एवढ्याला चाललीय! एकाच्या लेखी ते खोकं म्हणजे किलोचा माल, दुसरीच्या लेखी लॉटरी. आपण स्वतः मात्र काहीच बोलत नाही, कारण आपल्याला त्यात काकांचा आवाज ऐकू येत असतो, ‘सुई बदलली का रे?’

आधी त्या ‘शोले’चं बघू. १९७५ सालची, पॉलिडॉरची ती तबकडी. संवादांची एलपी इतकी खपली की घरोघरी होती. जी वस्तू घरोघरी होती ती दुर्मिळ कशी? तर ती दुर्मिळ नाहीच. मोबाईलवर दिसतो तो मागितलेला आकडा असतो. झालेल्या सौद्याचा आकडा वेगळा असतो. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी तासभर उभे राहा, म्हणजे हा फरक अर्थशास्त्राच्या पुस्तकाशिवाय कळेल. मागणारे शंभर असतात, देणारा एखादाच.

बाजार भाव ठरवतो तीन गोष्टींवर : दुर्मिळता, मागणी आणि अवस्था. त्यातल्या अवस्थेबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण सगळी गंमत तिथे आहे.

जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी प्लास्टिकची नाही, लाखेची आहे. लाख म्हणजे आपल्याच पळस-कुसुंबाच्या झाडांवर किडे तयार करतात ती. जगभरच्या तबकड्यांसाठी ती मुख्यतः भारतातून जायची. त्या लाखेत दगडाची बारीक पूड, काजळी, थोडे तंतू मिसळत. दगडाची पूड मुद्दाम घालायची, बरं का. पोलादी सुई फिरताना तिचं टोक झिजून खाचेच्या आकाराचं व्हावं, म्हणून. म्हणून तर दर बाजूला नवी सुई लागायची. पण सुई झिजताना खाचही थोडी झिजतेच. थोडक्यात, तबकडी ऐकणं म्हणजे ती खर्च करणं.

आता याचा परिणाम काय होतो बघा. जी तबकडी घरात सगळ्यांना आवडली ती शंभरदा वाजली आणि राखाडी पडली. जी कुणालाच आवडली नाही ती कागदी पाकिटात काळीकुळकुळीत राहिली. संग्राहकांची एक अमेरिकी प्रतवारी आहे, ‘मिंट’, ‘निअर मिंट’, ‘व्हीजी प्लस’ वगैरे. त्या भाषेत ‘गुड’ म्हणजे खराब, हेही लक्षात ठेवा! या प्रतवारीत दुसरी तबकडी वरच्या पायरीवर बसते. म्हणजे आपण नेमकं कशाला पैसे देतो? न ऐकली जाण्याला. तिकिटाच्या किंवा नाण्याच्या संग्रहात हे चालतं, कारण तिकिटाला आतून आवाज येत नाही. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत ही कसोटी निम्मीच खरी आहे. आवाज स्वच्छ हवा, हे बरोबर. पण झीज हाही पुरावा असतो. एखाद्या बाजूवर ठरावीक जागीच खाच पांढरी पडलेली दिसते, तेव्हा कुणीतरी तीच जागा पुन्हा पुन्हा लावून, गळ्यावर चढवून घेतली असेल का, हा विचार माझ्या मनात येतोच. ती माहिती कुठल्याही प्रतवारीत बसत नाही.

पारख कशी करायची ते मात्र सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तरांनी नुसतं तत्त्वज्ञान सांगितलं. तबकडी तिरक्या उजेडात धरा. काठाला टवका गेलाय का बघा. खाचांपर्यंत पोचला नसेल तर बिघडत नाही. केसासारखी चीर काठापासून आत गेलेली असते, ती डोळ्यांना चुकते. मग तबकडी एका बोटावर तोलून दुसऱ्याने टिचकी मारा. आपल्या आया मडकं घेताना वाजवून घ्यायच्या, तसंच. तडा असेल तर बद्द वाजते. आणि एक कृपा करा, लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पॉलिशवाल्यांचा धंदाच त्यावर चालतो. एलपीची सुईही तिच्यावर चालवू नका. ७८ची खाच कितीतरी रुंद असते, बारीक सुई तळाशी घरंगळत राहते. उलट एलपी चावीच्या ग्रामोफोनवर लावलीत तर ती त्या एका वेळेतच कामातून जाईल.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

१९०२च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपल्यावर ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. हे नखऱ्यासाठी नव्हतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या कामगाराला कळावं की आवाज कुणाचा. तीन मिनिटांच्या आत गाणं आटपून नाव सांगायचं. अशा सुरुवातीच्या तबकडीला आज मोठी मागणी असते आणि असावीही. पण तो दस्तऐवजाचा मान आहे. ‘पहिलं’ असणं हा इतिहासाचा गुण आहे, गाण्याचा नव्हे. संग्राहक हे दोन गुण एकाच आकड्यात कालवतात आणि मग तो आकडाच रसिकतेचा पुरावा म्हणून मिरवतात. यावर माझा आक्षेप आहे.

नेल्सन गुडमन नावाच्या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९६८ साली एक उपयोगी भेद केला. काही कलांमध्ये मूळ वस्तूच महत्त्वाची असते, उदाहरणार्थ चित्र. त्याची नक्कल ही नक्कलच. काही कलांमध्ये लिखित संहिता असते, तिच्याबरहुकूम होणारा प्रत्येक प्रयोग अस्सलच. पाश्चात्त्य अभिजात संगीत त्याने दुसऱ्या गटात घातलं. आपला ख्याल कुठे बसवणार? बंदिशीची चार ओळींची चीज हा काही ख्याल नव्हे. ख्याल त्या दिवशी, त्या बैठकीत घडतो. म्हणून बीथोव्हेनची तबकडी फुटली तर एक प्रयोग गेला, संहिता कागदावर आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या एखाद्या तबकडीची जगातली शेवटची प्रत फुटली, तर त्या दिवशीचं ते गाणंच गेलं. आपल्याकडे संग्राहकाची जबाबदारी लंडनच्या संग्राहकापेक्षा मोठी आहे, ती या कारणाने.

पण लगेच दुसरी बाजू. साडेतीन मिनिटांत मावलेला तो ख्याल आहे का? पुष्कळ मोठ्या गायकांच्या ७८च्या बाजू ऐकल्या तर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणावं लागतं. अस्थायी कशीबशी म्हणायची, अंतऱ्याला हात लावायचा आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात तानांची पोती रिकामी करायची. गाडी सुटायच्या आधी सामान डब्यात फेकतात तसं. नावाच्या धाकाने आपण त्यालाही वाहवा म्हणतो. म्हणू नये.

याच्या उलट खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी, ‘पिया बिन नाही आवत चैन’. १९३०च्या दशकातलं ओडियनचं मुद्रण. १९३७ साली खाँसाहेब गेले, म्हणजे अगदी उतरत्या काळातलं. तिच्यात कुठेही घाई नाही. वेळ कमी आहे याची जाणीव आहे, पण ती स्वर जास्त वेळ धरून ठेवण्यातून दिसते. मला ती छोटी केलेली मैफल वाटत नाही. तीन मिनिटांसाठीच घडवलेली वस्तू वाटते, चारोळी म्हणजे कापलेलं महाकाव्य नसतं तशी. आणि गंमत बघा, ही तबकडी भरपूर खपली, नंतर कोलंबियाच्या लेबलावरही आली, एलपीवरही आली. म्हणजे बाजाराच्या हिशेबाने ती सामान्य. माझ्या हिशेबाने ७८च्या सबंध युगात तिच्या जवळपास येणाऱ्या बाजू हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील.

एक तांत्रिक पुरवणी जोडतो, कारण इथे समीक्षकही घसरतात. ‘७८’ हा आकडा फार नंतर पक्का झाला. भोंग्यात गाऊन केलेली सुरुवातीची मुद्रणं कमीजास्त वेगाने झालेली आहेत. ती आज सरसकट ७८ने लावली की पट्टी बदलते, आवाजाची जात बदलते. मग आपण लिहितो, ‘तरुणपणी आवाज किती बारीक होता!’ तो बारीकपणा गळ्याचा की मोटरचा, हे आधी ठरवा.

आणि जे मुद्रितच झालं नाही त्याचं काय? भास्करबुवा बखले. १९११ साली पुण्यात भारत गायन समाज उभा करणारे, १९२२ साली गेलेले. त्यांच्या हयातीत वीस वर्षं इथे ध्वनिमुद्रण चालू होतं, तरी त्यांचा आवाज आपल्याकडे नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६पर्यंत होते, त्यांचाही नाही. त्यामुळे मास्तर कृष्णराव, बालगंधर्व यांच्या तबकड्या आपण बुवांचा माग काढत ऐकतो. मोगूबाई, केसरबाई यांच्या खाँसाहेबांचा माग काढत. हे ऐकणं रास्त आहे, पण त्यात शिष्यावर अन्याय होतो. कृष्णरावांची तबकडी कृष्णरावांचीच असते. एखाद्या संग्राहकाने ‘यात बुवा ऐकू येतात’ म्हणून भाव चढवला, तर तो दोन्ही गायकांना धड ऐकत नाही.

केसरबाईंचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. तीत केसरबाईंची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. ती निवडली गेली, पण एलपी छापणं बंद झालेलं. शोधता शोधता न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागे, टेबलाखालच्या खोक्यात तीन न उघडलेल्या प्रती सापडल्या. त्या दिवशी त्यांची किंमत तुमच्या माळ्यावरच्या खोक्याएवढीच होती. दुकानदाराच्या लेखी ती अडगळ होती, आणि मागायला आलेल्या बाईंना सूर्यमालेबाहेर पाठवण्यासाठी ती हवी होती. तबकडीत तसूभर फरक पडला नव्हता, फक्त ऐकणारा आला होता.

कुणी म्हणेल, मग आता सगळं इंटरनेटवर आहे, लाख कशाला सांभाळायची? सगळं नाही, हे पहिलं उत्तर. मुंबईच्या नॅशनल कंपनीचं ‘यंग इंडिया’ लेबल घ्या. मोठ्या कंपन्यांनी ज्यांना दारात उभं केलं नसतं अशा कित्येक हौशी लोकांना त्याने गाऊ दिलं. अशा आवाजांना मागणी नाही, म्हणून भाव नाही. भाव नाही म्हणून कुणी जपत नाही. जपत नाही म्हणून त्या आता खऱ्या अर्थाने दुर्मिळ होत चालल्यात. भंगारात पहिल्यांदा जातात त्या याच. मुंबईतल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या मंडळींनी नव्वद सालापासून याद्या केल्या, लेख लिहिले, म्हणून निदान आपल्याला नावं तरी माहीत आहेत.

तेव्हा घरी जाऊन खोकं उतरवा. तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक आडव्या रचू नका. एक वही घ्या. लेबल, गायकाचं नाव, तबकडीचा क्रमांक आणि लेबलाजवळ लाखेत कोरलेला मुद्रणाचा क्रमांक, असं सगळं उतरवून काढा. हा शेवटचा क्रमांक विसरू नका. लेबलं बदलतात, तो बदलत नाही. पुढच्या रकान्यात हे कुणी आणलं, घरात कोण लावायचं, तेही लिहा. विकायचं असेल तर खुशाल विका, पण वही आधी आणि विक्री नंतर. घाऊक घेणारा यादी नसलेल्या खोक्याचा भाव वजनावरच करतो.

आता प्रश्न असतील तर घेऊ. मागून हात वर झालाय तो आधी. हो, तुम्हीच.