थोरल्या भावाची रोजनिशी

सेवेच्या पुस्तकांना आपल्याकडे समीक्षा लाभत नाही, नमस्कार लाभतो. कार्य थोर, कर्ता थोर, तेव्हा पुस्तकही थोर असा हिशेब मांडून आपण मोकळे होतो आणि पुस्तक न वाचलेलेच राहते. आल्बर्ट श्वाइट्झरच्या ‘ऑन द एज ऑफ द प्रायमीव्हल फॉरेस्ट’ या पुस्तकाची गत अशीच झाली. मूळ जर्मन पुस्तक १९२१ चे, इंग्रजी अनुवाद १९२२ चा. लेखकाला १९५२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर तर त्याच्याभोवती उदबत्त्यांचा धूर इतका दाटला, की आतली अक्षरे दिसेनाशी झाली.

धर्मशास्त्राचा अध्यापक आणि बाखच्या संगीताचा जाणकार म्हणून युरोपात नाव मिळवलेला हा माणूस तिशीत वैद्यक शिकायला बसला आणि १९१३ च्या एप्रिलात पत्नी हेलेनसह गॅबॉनमधील ओगोवे नदीकाठी, लांबारेने येथील मिशनच्या ठाण्यावर उतरला. पॅरिसच्या मिशन मंडळींना त्याची धर्ममते मानवत नव्हती. उपदेश करणार नाही, औषध तेवढे देईन, असे कबूल करून त्याला जावे लागले. पुढे ती अट सैल झाली. पुस्तकाच्या अंगी मात्र ती मुरलेली दिसते: प्रवचन थोडे, काम फार.

हे कामच पुस्तकाचे खरे वैभव. पहिला दवाखाना म्हणजे कोंबड्यांचे जुने खुराडे, चुना लावून पांढरे केलेले. रोग्याच्या गळ्यात दोऱ्याने अडकवलेली पुठ्ठ्याची चकती. तिच्यावरच्या आकड्यावरून वहीत त्याचा रोग सापडायचा. जमलेल्या रोग्यांना नियम वाचून दाखवले जात. डॉक्टरच्या घराजवळ थुंकू नये, मोठ्याने बोलू नये, दिवसाचा शिधा बरोबर आणावा, औषधाच्या बाटल्या नि डब्या परत कराव्यात. हा शेवटचा नियम वाचून हसू येते, पण कारण कळले की ते ओसरते. त्या दमट हवेत पुडीतले औषध टिकत नाही आणि बाटली तर युरोपातून यायची. एका रिकाम्या बाटलीत लांबारेनेचे सारे अंतर, सारी टंचाई उभी राहते. वर्णनाच्या चार पानांनी हे साधले नसते.

आणि जोसेफ. गालोआ जमातीचा हा माणूस पूर्वी स्वयंपाकी होता. इथे तो दुभाषा आणि मदतनीस झाला. माणसाच्या शरीराचे भाग तो खाटकाच्या दुकानातल्या नावांनी सांगतो. शस्त्रक्रियेच्या वेळी हेलेन भूल देते आणि लांब रबरी हातमोजे घालून जोसेफ शेजारी उभा राहतो. ज्यांची आशा नाही असे रोगी घेऊच नयेत, नाव खराब होते, असा व्यवहारी सल्लाही तो डॉक्टरला देतो. महायुद्धात पैशाचा ओघ आटला आणि डॉक्टरने त्याचा पगार ७० फ्रँकांवरून ३५ वर आणला, तेव्हा इतक्या कमी पैशात राहणे आपल्या इभ्रतीला शोभत नाही, असे सांगून तो निघून गेला. श्वाइट्झर ही हकीकत किंचित हसत सांगतो. कादंबरीकाराने मात्र इथे थांबावे. सबंध पुस्तकात डॉक्टरला ‘नाही’ म्हणणारा आणि त्याचे कारण स्वतःच्या तोंडाने सांगणारा माणूस एवढाच. म्हणून तोच पात्र म्हणून जिवंत उरतो. बाकीचे चकतीवरच्या आकड्याने ओळखायचे.

पुस्तकाचे दुखणे नेमके येथे आहे. हात काय करतात हे श्वाइट्झर सांगतो तेव्हा तो अव्वल लेखक असतो. अरण्यात ओकूमेची झाडे तोडणे, ओंडके पाण्यापर्यंत लोटत नेणे, तराफे बांधून समुद्राकडे सोडणे या प्रकरणात एक शब्द फुकट नाही. पण ‘स्थानिक माणूस’ असा आहे नि तसा आहे, हे सुरू झाले की पाने निर्जीव होतात. वर्गातली मुले आळशी आहेत म्हणणारा मास्तर आणि शेवटच्या बाकावरचा कोण उपाशी आला आहे हे जाणणारा मास्तर, या दोघांत जे अंतर, ते येथे एकाच लेखणीत आहे. हा माणूस आळशी नाही, स्वतंत्र आहे, म्हणून गरजेपुरतेच राबतो, हे श्वाइट्झरला स्वच्छ दिसते. पण विवेचन वळते ते त्याला कामाला कसे लावावे याच प्रश्नाकडे. स्थानिक माणसे त्याच्या लेखी मुले आहेत आणि तो त्यांचा भाऊ आहे खरा, पण थोरला.

थोरला भाऊ म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. तो राबतो, धाकट्यांचे शिक्षण करतो, आजारपण काढतो. सातबाऱ्यावर नाव मात्र त्याचेच, आणि बैठकीत बोलायचेही त्यानेच. १९७५ साली चिनुआ अचेबेने कॉनरॅडवरील व्याख्यानात श्वाइट्झरच्या या धाकट्या-थोरल्याच्या भाषेवर बोट ठेवले, ते योग्यच होते. येथे एक विसंगती अधिक खोल आहे. युरोपने या लोकांवर केलेल्या अन्यायाची ही फेड आहे, उपकार नव्हे, असे श्वाइट्झर स्वतःच बजावतो. मग फेड करायला आलेला ऋणको थोरल्याच्या पाटावर कसा बसतो? हा प्रश्न त्याला पडत नाही. स्थानिक भाषा त्याने कधी नीट आत्मसात केली नाही, आणि दुभाष्यामार्फत दुखणे कळते, गाऱ्हाणे कळत नाही.

म्हणून हे पुस्तक टाकाऊ ठरते का? मुळीच नाही. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलेला रोगी वेदना थांबल्याचे जाणवून डॉक्टरचा हात चाचपडत शोधतो, तो प्रसंग कोणत्याही टीकेने पुसला जाणार नाही. त्या क्षणी थोरला-धाकटा कोणी उरत नाही. दोन हात उरतात. श्वाइट्झरच्या डोळ्यांनी जे टिपले ते त्याच्या मतांहून मोठे होते, आणि मते बाजूला ठेवून वाचण्याइतके ते खरे आहे. सेवा करणाऱ्याला नमस्कार करावा, पण त्याचे पुस्तक उघडताना हात मोकळे ठेवावेत.