पेप टॉक आणि पिंपळी

एका सोमवारी सकाळी माझ्या कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग दिसली. नाव ‘पेप टॉक’. मीटिंग मीच घ्यायची होती. आदल्या गुरुवारी आमच्या अकरा जणांच्या टीममधले चौघं एकाच दुपारी गेले. त्यांचे लॅपटॉप परत गेले, चॅटवरची नावं संध्याकाळपर्यंत राखाडी झाली. उरलेल्यांत सगळ्यात जुनी मी, म्हणजे सहा वर्षांची. मॅनेजर फोनवर म्हणाला, “टीमची एनर्जी डाउन आहे गं. तू एक छोटासा पेप टॉक दे ना, तुझं ऐकतात ती मुलं.”

काम तेवढंच होतं, माणसं चार कमी होती आणि तारखा त्याच होत्या.

काय बोलायचं ते सुचेना. मग आपल्या पिढीतलं कुणीही जे करतं तेच मी केलं, शब्द सर्च केला. तोवर पेप म्हटलं की मला दोनच गोष्टी आठवायच्या. एक पायथनमधलं ‘पेप ८’, म्हणजे कोड नीटनेटका कसा लिहावा याची नियमावली. दुसरा पेप ग्वार्दिओला. नियमावलीतला पेप हा आद्याक्षरांचा जोड आहे, आणि ग्वार्दिओलाचा पेप हे कॅटलान भाषेतलं जोसेपचं लाडाचं रूप. माझ्या कॅलेंडरवरचा पेप मात्र तिसराच निघाला. तो ‘पेपर’चा तुकडा आहे. पेपर म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, मिरी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजीत अंगातल्या धमकेला, चटपटीतपणाला मिरीची उपमा देत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत या शब्दाचं शेपूट तुटलं आणि १९१२ च्या आसपास नुसतं ‘पेप’ छापून येऊ लागलं. पाठोपाठ कॉलेजच्या फुटबॉल सामन्याआधीची ‘पेप रॅली’ आली, १९२० च्या दशकात ‘पेप टॉक’ आला. शंभरेक वर्षांचा शब्द. पण त्याच्या पोटातली मिरी फार जुनी आहे, आणि ती आपल्याकडची आहे.

इंग्रजी पेपर आला लॅटिन ‘पिपेर’वरून, तो ग्रीक ‘पेपेरी’वरून, आणि ग्रीकांनी तो उचलला भारतातून. मूळ संस्कृत शब्द पिप्पली, म्हणजे आपली पिंपळी. गंमत अशी की पिंपळी आणि काळी मिरी ही एकाच कुळातली असली तरी दोन वेगळी फळं आहेत. ग्रीक-रोमन व्यापारात नाव पिंपळीचं गेलं आणि नंतर बाजार काळ्या मिरीने खाल्ला. प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात भावही लिहून ठेवलेत: पिंपळी पौंडाला १५ दिनारियस, पांढरी मिरी ७, काळी ४. ही वस्तू लोकांना इतकी का आवडते तेच त्याला कळत नव्हतं. गोड नाही, दिसायला सुंदर नाही, नुसती झोंबते, आणि त्यासाठी भारतापर्यंत जायचं. ४०८ साली अलारिकने रोमला वेढा घातला तेव्हा त्याने मागितलेल्या खंडणीत सोनं, चांदी, रेशीम होतं आणि ३,००० पौंड मिरी होती. थोडक्यात, ही चीज खरी होती. जिभेवर ठेवली की काहीतरी व्हायचं.

(इथे एक रूपक मला फार हवं होतं. मध्ययुगीन युरोपात सडक्या मांसाचा वास लपवायला मिरी वापरत, तसाच आमचा पेप टॉक, असं काहीतरी. पण इतिहासकार ही गोष्ट केव्हाच मोडीत काढून बसलेत. ज्याला मिरी परवडायची त्याला ताजं मांसही परवडायचं. तेव्हा रूपक रद्द.)

आमच्या घरात पिंपळी थेट यायची नाही, तिचं मूळ यायचं. पिंपळमूळ, म्हणजे गंठोडा. बाळंतिणीच्या लाडवात तो असायचाच. पण आजी तो आणखी एका कामासाठी वापरायची. रात्री झोप लागत नसली की चिमूटभर गंठोड्याची पूड गुळासोबत घ्यायची. ज्या झाडाच्या नावातून इंग्रजीत तरतरीचा शब्द निघाला, त्याच झाडाचं मूळ आजी झोपण्यासाठी खायची! यातून काही सिद्ध होत नाही, पण त्या सोमवारी मला हे आठवून बरं वाटलं.

आता मुख्य मुद्दा. मिरीचं पेप झालं तेव्हा फक्त अक्षरं कमी झाली नाहीत. मिरी खाणाऱ्याला झोंबते. पेप मात्र बघणाऱ्यासाठी असतो. हा बदल सगळ्यात स्पष्ट मला सिंक्लेअर लुइसच्या ‘बॅबिट’ या १९२२ च्या कादंबरीत दिसला. तिचा नायक जॉर्ज बॅबिट झेनिथ नावाच्या काल्पनिक अमेरिकी शहरात घरं विकणारा दलाल. पहिल्याच प्रकरणात तो सकाळी आवरताना कोटावर आपल्या क्लबचा बिल्ला लावतो, आणि त्या बिल्ल्यावर हा शब्द आहे: पेप. लुइस त्यावर मनसोक्त हसतो. मीही हसले, आणि मग खुर्चीच्या पाठीला लटकणाऱ्या माझ्या आयकार्डाच्या पट्टीकडे लक्ष गेलं. तिच्यावर कंपनीची पाच मूल्यं छापलेली आहेत. त्यातलं तिसरं ‘एनर्जी’.

लुइसची थट्टा मला काही ठिकाणी सोपी वाटते. क्लबमधली जेवणं, भाषणं, एकमेकांच्या पाठीवरच्या थापा हे सगळं तो इतक्या लांबणीवर नेतो की विनोद दमतो. पण उत्तरार्धात कादंबरी गंभीर होते आणि तिथे तिचं खरं काम आहे. बॅबिट थोडा बहकतो, वेगळी मतं बोलून दाखवतो, ‘सज्जन नागरिकां’च्या संघटनेत यायला नकार देतो. मग कोणी त्याला मारत नाही, नोकरीवरूनही काढत नाही. फक्त मित्र बोलेनासे होतात, धंदा दुसरीकडे वळतो. बायको आजारी पडते तेव्हा तेच मित्र विचारपूस करायला येतात, आणि हा निमूटपणे संघटनेत सामील होतो. हे वाचल्यावर मला तो बिल्ला नीट कळला. पेप म्हणजे अंगात किती जोर आहे याचं माप नव्हे. ती हजेरी आहे. मी तुमच्यातलाच आहे, माझी काही तक्रार नाही, एवढंच तो बिल्ला सांगतो. त्या सोमवारी माझ्या टीमकडून हवी होती ती हीच हजेरी.

आणि हजेरी अंगातून निघत नसेल तर ती गोळीतून आणता येते. १९३० च्या दशकात अमेरिकेत बेन्झेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामिन, बाजारात आलं. परीक्षेसाठी रात्रभर जागणारे विद्यार्थी ते घेऊ लागले आणि त्याला नाव पडलं ‘पेप पिल’. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्यांनी ते सैनिकांना वाटलं. व्यसन, भास, हृदयावरचा ताण यांचा बोभाटा पुढे झाला. झोप ही शरीराची मागणी आहे, ती नाकारायची म्हणजे कर्ज काढायचं. नाव मात्र किती हसरं!

मिरीची चुलतबहीण आलं, तिची गोष्ट तर याहून उघडीवाघडी. जिंजर हाही आपल्याच ‘शृंगवेर’वरून ग्रीक-लॅटिनमार्गे गेलेला शब्द. इंग्रजीत ‘जिंजर अप’ म्हणजे एखाद्यात जान आणणं. फ्रान्सिस ग्रोझ नावाच्या माणसाने १७८५ साली लंडनमधल्या रांगड्या बोलीचा कोश काढला. घोड्यांचे व्यापारी विक्रीआधी मरगळलेल्या घोड्याच्या गुदद्वारात आलं सारत, म्हणजे तो चपळ दिसतो आणि शेपूट वर धरतो, अशी नोंद त्यात आहे. ‘जिंजर अप’ची मुळं अनेक जण इथेच शोधतात. घोडा म्हाताराच असतो. पाहणाऱ्याला तेजी दिसते आणि आग घोड्याला होते.

मराठीने मिरीचं असं काही केलं नाही. आपल्याकडे मिरपुडीचा संबंध कधी उत्साहाशी जोडला गेल्याचं मला आठवत नाही. आपण ‘डोक्यावर मिरे वाटतो’, म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावर बसून वरचढपणा गाजवतो. मिरीवरून नाव पडलेली मिरची चार-पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगिजांबरोबर आली, तीही नाकाला झोंबायलाच. भाषेने झोंबणं झोंबणंच ठेवलं, त्याचं कौतुक केलं नाही. उत्साहासाठी आपल्याकडे हुरूप आहे, उमेद आहे, तरतरी आहे. यांची क्रियापदं बघा. हुरूप येतो. तरतरी वाटते. उमेद तर फारसीतून आली, तिथे तिचा अर्थ आशा. मराठीत ती आशेची धडाडी झाली आणि ‘उमेदीची वर्षं’ म्हणजे तरुणपण. पण आशेचं बी आत राहिलं. पुढे काही दिसत असेल तरच उमेद असते. कोणी म्हणत नाही की तुझी उमेद शुक्रवारपर्यंत वाढव.

‘हुरूप देणे’ असंही आपण म्हणतो, मान्य. पण तिथे देणारा काहीतरी करत असतो: कौतुक करतो, सोबत बसतो. आणि हल्ली गाण्यांच्या परीक्षणात प्रत्येक तिसरं गाणं ‘पेपी’ असतं. त्यात आता ना तिखट उरलंय ना ठसका, फक्त बीट थोडी फास्ट.

तर तो सोमवार. सकाळी अकरा वाजता सहा चेहरे स्क्रीनवर आले, दोघांचे कॅमेरे बंद. मी मुलांना पिंपळीबद्दल काही सांगितलं नाही, तेवढं भान होतं. मी टिकेट्सची यादी शेअर केली. गेलेल्या चौघांची कामं त्यात लाल केली होती. म्हटलं, यातली नऊ मी या महिन्यातून काढायला सांगितलीत, त्यातल्या चारला होकार आलाय, पाच अजून डोक्यावर आहेत. शनिवारी कुणी काम करायचं नाही, कुणी मेसेज केला तर माझ्याकडे पाठवा. आणि जे गेले त्यातल्या दोघांना रेफरन्स हवाय, कुणाच्या ओळखीत ओपनिंग असेल तर आत्ताच सांगा.

बंद कॅमेऱ्यातला एक चालू झाला. टीममधला सगळ्यात नवा मुलगा. म्हणाला, “ताई, माझ्या भावाच्या कंपनीत आहे एक.” मग दुसऱ्या एकीने आणखी एक सांगितलं. पंधराची बावीस मिनिटं झाली.

दुपारी मॅनेजरने विचारलं, “कसा झाला पेप टॉक?” मी सांगितलं, पाच टिकेट्स अजून तशीच आहेत. तो म्हणाला, बघतो. बुधवारी तीन निघाली. दोन अजून आहेत, आणि मीटिंगचं आमंत्रण आता दर सोमवारी आपोआप येतं, त्याच नावाने.