पियानो थांबता कामा नये

'महल' (१९४९) मधलं लताबाईंचं ते गाणं आठवून पाहा. त्याच्या सुरुवातीच्या ओळी फार लांबून आल्यासारख्या वाटतात. ध्वनिमुद्रणाच्या वेळी लताबाई मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ आल्या, असं सांगितलं जातं. पडद्यावर अशोककुमार त्या सुरांमागे भटकतो आणि गाणारी काही हाती लागत नाही. पुढची कितीतरी वर्षं आपला रहस्यपट याच सुरावर चालला. 'बीस साल बाद', 'वो कौन थी' हे हिंदीतले, आणि मराठीत राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४). त्यावरूनच राज खोसला यांनी दोन वर्षांनी 'मेरा साया' केला.

नायकाला ओढून नेणाऱ्या गाण्याचा हा संकेत आज भाबडा वाटतो, पण त्याचं काम साधं नव्हतं. 'पाठलाग'मध्ये नायकाची पत्नी वारलेली आहे आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी आरोपी 'मीच ती' म्हणते आहे. कागदावरचा पुरावा तिच्या विरुद्ध जातो, गाण्याने जागी केलेली आठवण तिच्या बाजूने. ताण आहे तो या दोन साक्षींमध्ये. बी. आर. चोप्रांनी 'कानून' (१९६०) आणि यश चोप्रांनी 'इत्तेफाक' (१९६९) गाण्यांशिवाय करून दाखवले, तेही उत्तमच. फक्त गाणी काढल्यावर मोकळी झालेली जागा त्यांनी माणसांनी भरली होती.

आजच्या थ्रिलरमध्ये ती जागा पार्श्वसंगीताने बळकावली आहे. दार उघडायच्या आधीच ढोल वाजतात आणि आपण कधी दचकायचं ते ठरवून टाकतात. शेवटच्या दहा मिनिटांत तुकड्यातुकड्यांनी 'खरं काय घडलं' ते दाखवलं जातं. दोन तास आपल्यापासून माहिती लपवली, एवढंच त्याचं कसब. मला ही प्रेक्षकाची फसवणूक वाटते. धक्का एकदाच बसतो, तगमग पुन्हा पाहतानाही होते. जीतू जोसेफ यांच्या मल्याळम 'दृश्यम'ने (२०१३), आणि निशिकांत कामत यांच्या हिंदी आवृत्तीनेही, खून आपल्यासमोर घडू दिला. त्यामुळे आपण त्या कुटुंबाच्या खोट्यात सामील झालो आणि प्रत्येक उलटतपासणीला आपलीच छाती धडधडली.

आणि मग श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' (२०१८), पुण्यातला. आंधळेपणाचं सोंग घेतलेला पियानोवादक आकाश खरं तर आंधळा नाही, हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. सिमीच्या घरी तो पियानो वाजवत असताना जमिनीवर तिच्या नवऱ्याचं प्रेत दिसतं. तो न्हाणीघरात जातो, तर तिथे पिस्तूलवाला उभा आहे. आकाश परत येऊन वाजवत राहतो. खुणाखुणांनी बोलत सिमी आणि तो पिस्तूलवाला रक्त पुसतात, प्रेत बॅगेत कोंबतात, आणि आकाशची बोटं चुकत नाहीत. चुकली तर मेला. इथे संगीत बाहेरून चढवलेलं नाही. ते त्या खोलीतच वाजतं आहे आणि ते थांबणं म्हणजे पकडलं जाणं. 'महल'मधल्या सुराने नायकाला ओढून नेलं होतं, हा सूर त्याला जिवंत ठेवतो.

तिथून सुटून आकाश तक्रार द्यायला पोलीस चौकीत जातो. समोर इन्स्पेक्टर येतो, तो तोच न्हाणीघरातला. तक्रार काय आहे, असं तो विचारतो, आणि आकाशला पुन्हा आंधळं व्हावं लागतं.