'शुद्ध' आणि 'सुदाह' : एका व्युत्पत्तीची परीक्षा

मलायी भाषेंत 'सुदाह' हा शब्द पदोपदीं येतो. 'दिया सुदाह पर्गी' म्हणजे 'तो गेला आहे'. क्रिया पुरी झाली, एवढेंच हा शब्द सांगतो. त्याचें मूळ संस्कृत 'शुद्ध' हें होय, असें विद्वान् सांगतात आणि बहुधा तेवढ्यावरच थांबतात. यान खोंडा यांचा 'संस्कृत इन इंडोनेशिया' हा या विषयावरील पायाभूत ग्रंथ १९५२ सालीं नागपुरासच छापला गेला. तेव्हां हा विषय आपल्या वाचकांस अगदीं परका नाहीं. ही व्युत्पत्ति आम्हांस मान्य आहे. मात्र ती ज्या रीतीनें मांडली जाते, ती रीत मान्य नाहीं.

प्रथम रूपाचा विचार करूं. 'श'चा 'स' होणें व 'द्ध'चा 'द' होणें यांत नवल नाहीं. मलायी उच्चारांत हें नित्याचेंच आहे. शब्दाच्या अंतीं 'ह' कोठून आला, ही शंका मात्र रास्त आहे. परंतु आपला 'गज' तिकडे 'गाजाह' झाला आहे; तेथेंही मुळांत नसलेला 'ह' अंतीं आलेला दिसतो. म्हणून रूपाची बाजू लंगडी नाहीं.

खरी अडचण अर्थाची आहे. 'निर्मळ' या अर्थावरून 'संपलें' या अर्थावर एकदम उडी कशी पडली? उच्चार जुळला म्हणून अर्थ जुळवून घेणें ही व्युत्पत्ति नव्हे, तो तर्क होय. मधली पायरी दाखविली पाहिजे. आणि तशी एक पायरी एका ताम्रपटांत सांपडते, असें आम्हांस वाटतें.

फिलिपाईन्समधील लागुना प्रांतांत १९८९ सालीं हा ताम्रपट उजेडांत आला. त्यावर शके ८२२, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार अशी मिति आहे. म्हणजे इसवी सन ९०० चा एप्रिल महिना. भाषा मुख्यतः जुनी मलायी, शब्द पुष्कळसे संस्कृत. नम्वरन नांवाच्या गृहस्थाच्या मुलांस, अंकतन व तिचा भाऊ बुकह यांस, हा लेख करून दिला आहे. एक काती व आठ सुवर्ण इतक्या ऋणांतून नम्वरन मुक्त झाला, हा त्यांतील मजकूर. आणि या लेखाला त्यांतच 'विशुद्धपत्र' म्हटलें आहे. येथें 'विशुद्ध' म्हणजे पवित्र नव्हे. येणें राहिलें नाहीं, बाकी उरली नाहीं, असा त्याचा अर्थ. आपल्याकडील भाषेंत बोलावयाचें तर ही सरळ फारखत आहे.

ऋण फिटलें म्हणजे व्यवहार संपला; आणि व्यवहार संपला येथून क्रिया संपली येथपर्यंतचें अंतर फार नाहीं. याला घरचाच दाखला आहे. आपण 'हिशेब चुकता केला' म्हणतों. त्याच धातूवरून हिंदींत 'कर चुका' हा प्रयोग झाला व त्याचा अर्थ 'करून झालें' असा ठरला. म्हणजे देणेंघेणें मिटविणारा शब्द पूर्णतेचा वाचक होतो, हें आपल्या शेजारच्या भाषेंतच घडलें आहे. अर्थात् ताम्रपटांत 'विशुद्ध' आहे, 'सुदाह' नव्हे. म्हणून आम्ही याला सिद्धता म्हणत नाहीं, सबळ आधार म्हणतों.

पुढचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. व्यापारानिमित्त मलायी भाषा बेटोबेटीं पसरली व तिच्या मिश्र बोली झाल्या. आंबोन येथें 'सुदाह'चा 'सु' झाला, मनाडो येथें 'सो'. नाम नाहीं, विशेषण नाहीं. आतां तो क्रियापदापुढें लागणारा एक लहानसा अंश उरला आहे. १५११ सालीं पोर्तुगीजांनीं मलाक्का घेतलें. तेथील मिश्र पोर्तुगीज बोलींतही असेंच झालें. पोर्तुगीज 'जा', म्हणजे 'एव्हांना', तेथें निव्वळ भूतकाळाचें चिन्ह बनला : 'एली जा बाइ', तो गेला. परंतु याचें सर्व श्रेय मलायी शेजाराला देणें घाईचें होईल. गोमंतकाचे पंडित दालगादो यांनीं ज्या सिंहलद्वीपी पोर्तुगीज बोलीवर १९०० सालीं ग्रंथ लिहिला, तींतही 'जा' भूतकाळच दाखवितो. असा बदल एकाहून अधिक ठिकाणीं होऊं शकतो. म्हणून साम्य दिसतांच उसनवारी ठरवूं नये.

हें सारें आमच्या संग्राहक वाचकांपुढें मांडण्याचें कारण एवढेंच कीं, कोशांतील पहिला अर्थ कागदावर लादण्याची खोड आपल्यांतही आहे. 'चैत्र शुद्ध' यांतील 'शुद्ध' निर्मळ नव्हे, तो पंधरवडा आहे, हें आपण जाणतों. दिव्य करून 'शुद्ध' ठरलेला मनुष्य निर्दोष ठरला, हेंही जाणतों. परंतु 'फारकत' शब्द दिसतांच काडीमोड समजून ऋणमुक्तीचा कागद भलत्याच दप्तरांत बांधला जाण्याचा संभव असतो. शब्दाचें मूळ कोश सांगेल. त्याचा अर्थ मात्र ज्या कागदांत तो आला आहे, त्या कागदालाच विचारला पाहिजे.