फास्टर फेणे : ‘सगळ्यांचा’ नायक आणि आमचे वाचक

‘आम्ही सगळे फास्टर फेणेवर वाढलो’ हे वाक्य मराठी साहित्यव्यवहारात आता म्हणीसारखे झाले आहे. सत्कारसमारंभात ते येते, बालपणाच्या आठवणींच्या लेखांत येते, आणि 2017 साली अमेय वाघचा ‘फास्टर फेणे’ पडद्यावर आला तेव्हा तर ते जिकडेतिकडे ऐकू आले. या वाक्यातल्या फास्टर फेणेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘सगळे’ या शब्दाबद्दल. मी फास्टर फेणेवर वाढलो नाही. माझ्या शाळेत पुस्तकांचे एक कपाट होते आणि त्याची किल्ली हेडमास्तरांच्या खिशात असे. बनेश फेणेची व माझी पहिली भेट झाली ती मी एम. ए. करत असताना, वयाच्या तेविसाव्या वर्षी. तोवर मी त्याच्या दुप्पट वयाचा झालो होतो.

भा. रा. भागवतांनी (1910–2001) या मालिकेची वीस पुस्तके लिहिली. फुरसुंगीचा एक लुकडा पोरगा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकल वाऱ्यासारखी हाणणारा, ‘ट्टॉक्’ असा आवाज काढणारा आणि जाईल तिथे भानगडीत सापडणारा. सुभाष देसाई हा त्याचा मित्र. पुढे तो काश्मीरपर्यंत गेला, विमानात बसला, चक्रीवादळात सापडला. दूरदर्शनवर सुमीत राघवनने त्याचे काम केले. हे सारे वाचकांना ठाऊक आहे. या मालिकेवरचे प्रस्थापित मत असे की ती निखळ आहे, निरागस आहे, भाषा खेळकर आहे आणि तिने मराठी मुलाला धीट केले. पहिल्या तीन गोष्टी मला मान्य आहेत. भागवतांची वाक्ये खरोखर पळतात, आणि मुलांना न शिकवता हसवण्याची कला त्यांच्याजवळ होती. चौथ्या गोष्टीपाशी मात्र मी थांबतो. कोणत्या मराठी मुलाला?

हा प्रश्न मी एकट्याने टेबलाशी बसून सोडवू नये असे वाटले. महाबळेश्वर तालुक्यातल्या आणि खालच्या जावळीतल्या मुलांना मी मराठी शिकवतो. इथला पावसाळा म्हणजे चार महिने धुके आणि गळती. हॉटेले निम्मी बंद, घोडेवाल्यांचे घोडे घरी, स्ट्रॉबेरीची रोपे अजून वाफ्यात बसायची आहेत. सीझनमध्ये जी मुले वेटर म्हणून, पॉइंटवर गाइड म्हणून, मळ्यात खुडणीला म्हणून गैरहजर असतात ती या दिवसांत वर्गात येऊन बसतात. गेल्या पावसाळ्यात मी फेणेची मिळतील तेवढी पुस्तके गोळा केली, मुलांत वाटली आणि सांगितले, ‘परीक्षेसाठी नाही. वाचा, आणि काय वाटले ते वहीत लिहा. चांगले वाटले पाहिजे अशी सक्ती नाही.’ चौदा वह्या परत आल्या. तालुक्यातच भिलार आहे. 4 मे 2017 पासून ते ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते, तिथल्या घराघरांत विषयवार पुस्तके मांडली आहेत. पण माझ्या चौदांपैकी दहाजण तिथे कधी पुस्तक वाचायला गेले नव्हते. दोघे गेले होते ते पाहुण्यांची गाडी घेऊन.

‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ या पुस्तकावर पहिल्यांदा उडी पडली, हे ओघानेच आले. गड इथून पाऊण तासावर. एका मुलाची आई तिथे पायऱ्यांशी ताक विकते. त्याने वहीत लिहिले : ‘पुण्याचा मुलगा आमच्या गडावर येतो आणि भानगड शोधतो. आम्ही रोज गडावर असतो, आम्हाला भानगड दिसत नाही, कारण आम्ही कामात असतो.’ समीक्षेच्या पुस्तकांत ‘साहसकथेची पूर्वअट म्हणजे फुरसत’ अशा अर्थाचे वाक्य मी शोधत होतो. ते ताकवालीच्या मुलाने दोन ओळींत लिहून दिले.

परंतु या लेखाचे निमित्त ती वही नव्हे. ते दुसऱ्या एका वहीत आहे. लिहिणारा भटक्या-विमुक्त जमातीतला, दोन सीझन एका हॉटेलात कामाला होता. फेणेच्या पुस्तकाबद्दल त्याने चारच ओळी लिहिल्या आणि मग दीड पान भलतेच लिहिले. हॉटेलात उतरलेल्या एका बाईंची अंगठी हरवली. मॅनेजरने खोल्या झाडणाऱ्या तिघांना रांगेत उभे केले आणि झडती याच्यापासून सुरू केली. ‘का, ते मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.’ चौकीवर न्यायचे बोलणे चालले असतानाच अंगठी बाईंच्याच बॅगेतल्या मोज्यात सापडली. बाई हसल्या, ‘मी वेंधळीच आहे’ म्हणाल्या. सगळे हसले. शेवटी मुलाने लिहिले आहे : ‘सर, फेणेवर पण कधीकधी आळ येतो, पण तो हसण्यावारी जातो. कारण वाचणाऱ्याला माहीत असते की तो सुटणार. मला माहीत नव्हते.’

विनोदी रहस्यकथेचे सारे यंत्र या शेवटच्या तीन शब्दांपाशी उघडे पडते. गैरसमज, चुकून पकडले जाणे, भलत्याच माणसाच्या मागे पळणे, अंधारात धडकणे यांवर या प्रकारातले हसू उभे असते. ते हसू शक्य होते, कारण वाचकाला खात्री असते की अखेर कोणीतरी मोठा माणूस येईल, इन्स्पेक्टर पाठीवर थाप मारील, आणि ‘अरे, हा तर आपला फेणे!’ असे म्हटले जाईल. फेणेची जात भागवतांनी सांगितलेली नाही. सांगावीच लागत नाही. ज्याच्याकडे पाहून शंका येत नाही त्याला ओळखपत्र लागत नाही. संशय हा ज्यांच्यासाठी एक घटका टिकतो त्यांना त्यात गंमत आहे. 1871 च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला, आणि ज्यांचा तो शिक्का 1952 साली कागदावरून पुसला तरी चौकीतून पुसला गेला नाही, त्यांच्या मुलाला त्याच प्रसंगात हसू कसे येईल? लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (1987) ज्यांनी वाचले आहे त्यांना पोलीस घरात शिरतात म्हणजे काय होते ते सांगायला नको. तिथे पोलीस गोष्टीच्या शेवटी येत नाहीत, ते पहिल्यापासूनच आलेले असतात.

आणि प्रेत? रहस्यकथेत प्रेत सापडले की गोष्ट सुरू होते, जिज्ञासा जागी होते. आमच्याच भागातले, आटपाडीचे शंकरराव खरात यांच्या ‘तराळ-अंतराळ’ (1981) मध्येही विहिरीत एक प्रेत आहे. पण ते पाहून कोणाची जिज्ञासा जागी होत नाही. लेखकाचे वडील गावचे तराळ. पोलीस त्यांना विहिरीत उतरवतात, कारण प्रेत काढणे हे महाराचे काम. खून कोणी केला, हा पोलिसांचा प्रश्न. प्रेत कोणी उचलायचे, हा प्रश्नच नव्हता. काठावर उभा असलेला मुलगा जे पाहतो तो गुन्ह्याचा तपास नव्हे. फेणेला विहिरीत डोकावण्याचा हक्क आहे. तराळाच्या मुलाच्या वाट्याला बापाच्या जिवाची काळजी आहे. महारकीची वतने 1958 च्या कायद्याने गेली. जिज्ञासेचे वतन कोणाकडे राहिले, हे साहित्याच्या इतिहासात कोणी नोंदवलेले नाही.

इथे कोणी म्हणेल की मग दलित वाचकाला रहस्यकथा रुचतच नसणार. तसे नाही, आणि याला पुरावा माझ्या घरातच आहे. माझे थोरले चुलते मुंबईला गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर ते गावी परतले ते एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत बाबूराव अर्नाळकर होते. काळापहाड, झुंजार, कव्हरे फाटलेली, कडेने तेलाची बोटे. अर्नाळकरांनी 1936 ते 1984 या काळात हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गिनीज बुकाने 1,092 हा आकडा नोंदला. आणि तरी मराठी समीक्षेच्या ओसरीवर त्यांना पाट मिळाला नाही. तात्या चौथी शिकलेले. मी एकदा विचारले, ‘तात्या, हे सगळं खोटं असतं, मग का वाचता?’ ते म्हणाले, ‘खोटं हाय म्हनूनच वाचतो. ह्यात पोलिसाला चकवणारा मानूस चांगला असतो.’

लहानपणी मला हे तात्यांचे विनोदी बोलणे वाटले होते. आज वाटते, ते मत होते. काळापहाड, झुंजार हे कायद्याच्या कडेकडेने चालणारे नायक. चाळीच्या एका खोलीत दहा-बाराजणांबरोबर राहणाऱ्या गिरणी कामगाराने आपला नायक तिथे निवडला. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ (1959) लिहिली. भुकेल्यांसाठी धान्य लुटणारा तो मांग वीर आणि भाड्याच्या वाचनालयातला झुंजार यांचा दर्जा एक आहे असे मी म्हणत नाही. फकिरामागे इतिहास आहे, झुंजारमागे इंग्रजी पुस्तके आहेत. पण दोघांना हातात घेणारे हात पुष्कळदा तेच होते. पांढरपेशा घरांनी मुलांच्या हाती असा नायक दिला की ज्याच्यावर पोलीस खूष आहेत. याचा अर्थ भागवत पोलिसांचे भाट होते असा नव्हे. ज्याला पोलिसाची भीती वाटलेली नाही अशा वाचकासाठी त्यांनी लिहिले, इतकेच. आणि त्या वाचकांनी मोठे होऊन ‘आम्ही सगळे’ म्हणायला सुरुवात केली.

इथवर लिहून मी लेख संपवणार होतो. वर्गात हा सगळा युक्तिवाद मी मोठ्या आवेशाने मांडला. माझ्या कार्यकर्त्या मित्रांना तो आवडला असता. पण तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. बौद्ध वस्तीतली, वडील नाहीत, आई स्ट्रॉबेरीच्या पॅकिंगला जाते. ती म्हणाली, ‘सर, मला फेणे आवडला. तो बारीक आहे, त्याला सगळे चिडवतात, तो खेड्यातून पुण्याला आलाय. तुम्ही त्याला एवढं का झोडताय? आम्ही काय फक्त रडायचीच पुस्तकं वाचायची का?’

मला उत्तर सुचले नाही. तिच्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की फुरसुंगी हे खेडे होते हे मी विसरलो होतो. पुण्याच्या वाचकांनी फेणेला इतके आपलेसे केले की त्याचे खेडूतपण मलाही दिसेनासे झाले. एका मुलीने ते परत ओढून काढले. चांगला वाचक हे करतो. 2017 च्या चित्रपटाबद्दलही ती वेगळे बोलली. त्यात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतला घोटाळा आहे. तिची थोरली बहीण ती परीक्षा दोनदा देऊन घरी बसली आहे. तेव्हा ‘हे रहस्य आमच्या घरातलं आहे’ हे तिचे म्हणणे मला खोडता येईना.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी, आणि ती या नियतकालिकाच्या पानांवर बोललीच पाहिजे. आम्ही आत्मकथने लिहिली, कविता लिहिल्या, आणि ते लिहिणे अटळ होते. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाने पांघरुणात शिरून टॉर्चच्या उजेडात वाचावे, वाचताना फिस्सकन हसावे, असे आम्ही त्याला काय दिले? थोडे आहे, माझ्या चौदा विद्यार्थ्यांपर्यंत त्यातले एकही पोहोचलेले नव्हते. विनोद हे जणू वरच्या वर्गाचे चैनीचे साधन आहे अशी आमची समजूत झाली काय? तमाशातला सोंगाड्या कोणाचा होता? पाटलाला, सावकाराला, पोलिसाला भर फडात उलटा प्रश्न विचारून हसवणारी ती जीभ कोणाची होती? आंबेडकरी जलशांनी ती जीभ वापरली, अण्णा भाऊंनी लोकनाट्यात वापरली. मुलांसाठी लिहिताना आम्ही ती खुंटीला टांगून ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने महापुरुषांची चरित्रे हाती दिली. चरित्रे हवीतच. पण बाबासाहेब स्वतः किती तऱ्हेची पुस्तके गोळा करत, याची आठवण त्यांच्या नावाने चालणाऱ्या वाचनालयांनी पुस्तके घेताना ठेवली तर बरे.

फेणे वर्गातून काढून टाकावा असे मला आता वाटत नाही. आवेश ओसरल्यावर मी ती पुस्तके ग्रंथालयाच्या खालच्या फळीवर ठेवली, शेजारी ‘उचल्या’ आणि ‘तराळ-अंतराळ’ ठेवले. कोण कोणते उचलतो ते मी मुद्दाम पाहत नाही. अंगठीची हकिकत लिहिणारा मुलगा फेणेचे दुसरे पुस्तक घेऊन गेला, हे मात्र नजरेतून सुटले नाही. त्याला विचारले, तर म्हणाला, ‘सायकलचं असतं ना सर, ते वाचायला बरं वाटतं.’

तिसऱ्या बाकावरची मुलगी सध्या वहीत एक गोष्ट लिहिते आहे. तिची शोधक पोरगी पॅकिंग शेडमध्ये काम करते, आणि शेडमधून रोज दोन क्रेट स्ट्रॉबेरी कमी भरतात. आळ बायकांवर आहे. अकरा पाने झाली आहेत, आणि मी वाचताना तीनदा मोठ्याने हसलो. चोर कोण हे तिला ठाऊक आहे. अडले आहे ते एवढ्यावर : पोरीने चोर पकडल्यावर ती चौकीवर जाते, तेव्हा तिथला हवालदार तिला बसायला खुर्ची देतो की आधी ‘तू कुणाची गं?’ असे विचारतो, हे तिचे अजून ठरलेले नाही.