एक्समोडेम, झेडमोडेम, कर्मिट : तुलना कशाची करायची?

१९८०च्या दशकात घरचा संगणक दूरध्वनीच्या तारेने दुसऱ्या संगणकाला जोडायचा, तर एक मोडेम आणि एक टर्मिनल प्रोग्रॅम लागे. फाइल पाठवण्याची आज्ञा दिली की पडद्यावर यादी येई : एक्समोडेम, झेडमोडेम, कर्मिट, आणखी काही. यांत चांगला कोणता? उत्तर बहुधा एकाच आकड्याने दिले जाई : सेकंदाला किती अक्षरे जातात. आम्हांला ही तुलना अपुरी वाटते. ती का अपुरी, हे आपण थोड्या हिशोबाने पाहू.

प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी आपसांत पाळायचे बोलण्याचे नियम. तारेत खरखर झाली की एखादा बिट बदलतो. पत्रातले एक अक्षर चुकले तर वाचणारा समजून घेतो. प्रोग्रॅमच्या फाइलमधला एक बिट चुकला तर प्रोग्रॅम बंद पडू शकतो. म्हणून फाइलचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा तपासायचा आणि चुकलेला पुन्हा मागवायचा. इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे.

वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये लिहिलेल्या एक्समोडेमचा तुकडा १२८ बाइटचा. त्याच्या आधी ३ बाइट खुणेचे व क्रमांकाचे, शेवटी १ बाइट बेरजेचा. घेणारा स्वतः बेरीज करतो. जुळली तर ‘पोचले’, नाही तर ‘पुन्हा पाठव’ असे कळवतो. उत्तर येईपर्यंत पाठवणारा थांबून राहतो. नियम इतके थोडे की कोणत्याही संगणकासाठी कोणीही ते लिहून काढू शके. एक्समोडेम सर्वत्र पसरला तो या साधेपणामुळे.

दोष दोन. पहिला बेरजेचा. फळ्यावर ६५, ६६, ६७ लिहा, बेरीज १९८. दोन आकड्यांची अदलाबदल केली तरी बेरीज १९८च. म्हणजे अशी चूक पकडली जात नाही. पुढे सीआरसी नावाची अधिक कडक तपासणी आली आणि हा दोष बराचसा गेला.

दुसरा दोष थांबण्याचा. जोडणी उपग्रहामार्गे असेल, तर संदेश जाऊन उत्तर परतेपर्यंत ३६,००० किलोमीटरचे अंतर चार वेळा कापावे लागते. त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. सेकंदाला ३०० बिटच्या मोडेमवर, एका बाइटला १० बिट धरून, १३२ बाइटला ४.४ सेकंद लागतात. त्यापुढे अर्धा सेकंद फारसा जड नाही. ९,६०० बिटच्या मोडेमवर तेच काम सुमारे ०.१४ सेकंदात होते, आणि मग तीन चतुर्थांशाहून अधिक वेळ नुसती वाट पाहण्यात जातो. नियम तेच राहिले, तार बदलली आणि गुणाचा दोष झाला.

चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये झेडमोडेम तयार केला. तो उत्तरासाठी थांबत नाही, सलग पाठवत राहतो. घेणाऱ्याला चूक दिसली तर ‘अमुक बाइटपासून पुन्हा’ एवढेच तो सांगतो. मध्येच जोडणी तुटली तरी उरलेल्या भागापासून सुरुवात करता येते. वेगाच्या तक्त्यात त्याचा पहिला क्रमांक रास्तच होता.

त्याच तक्त्यात कर्मिट तळाशी असे. मपेट्समधल्या बेडकाचे नाव घेतलेला हा प्रोटोकॉल फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रचला. विद्यार्थ्यांच्या फाइली मोठ्या संगणकांवरून छोट्या संगणकांच्या फ्लॉपीवर न्यायच्या होत्या. त्या मोठ्या संगणकांपैकी काहींच्या तारा आठांपैकी सातच बिट पोचवत. काही नियंत्रण-चिन्हे वाटेतच गिळली जात. अशा तारेवर एक्समोडेमचा वेग किती? शून्य. कर्मिटने प्रत्येक अडचणीच्या बाइटमागे एक खूण लावून त्याला साध्या, छापता येणाऱ्या अक्षराचे रूप दिले. याची किंमत मोजता येते. २५६ बाइटमूल्यांपैकी ६६ नियंत्रण-चिन्हांच्या वर्गातली, आणि १२८ मध्ये आठवा बिट असतो. सर्व मूल्ये सारखीच येत असतील, तर १०० बाइटसाठी सुमारे १७६ अक्षरे पाठवावी लागतात. स्वच्छ तारेवर हा खर्च व्यर्थ. सात बिटच्या तारेवर त्यावाचून फाइल जातच नाही.

कर्मिटची बाजू घेताना एक मात्र सांगितले पाहिजे. पुढे त्यात लांब पाकिटे आली, उत्तर येण्याआधी अनेक पाकिटे पाठवण्याची सोयही आली, आणि वेगातले अंतर पुष्कळ कमी झाले. पण या सोयी आपण होऊन चालू कराव्या लागत. ज्याने पुस्तिका वाचली नाही, त्याच्या वाट्याला मंद कर्मिटच आला. हा दोष वापरणाऱ्याचा नव्हे, रचनेचा.

तेव्हा वेगाच्या स्तंभाशेजारी आणखी एक स्तंभ हवा होता : ‘कोणत्या तारेवर?’ आज इंटरनेटवर फाइली जातात तेव्हा हे प्रोटोकॉल आठवतही नाहीत, पण ते संपलेले नाहीत. छोट्या संगणक-पाट्या सुरू करणाऱ्या यू-बूट या प्रोग्रॅममध्ये एक्समोडेम आणि कर्मिट या दोन्हींच्या आज्ञा आहेत. पाटी अजून पुरती जागी झालेली नसते, हाताशी एक साधी तार असते. तिथे वेगापेक्षा नियमांचा थोडेपणा कामी येतो. शिक्षकांनी वर्गात कोणत्याही दोन यंत्रांची वा पद्धतींची तुलना मांडताना विद्यार्थ्यांकडून हा दुसरा स्तंभ आधी भरून घ्यावा, असे आम्ही सुचवतो.