भडक, कंठाळी, आक्रस्ताळे : काही विशेषणांची झडती

‘हिस्टेरिकल’ हे इंग्रजी विशेषण आपल्या समीक्षेत नाव बदलून वावरते. भडक, कंठाळी, आक्रस्ताळे, भावविवश, उन्मादी, अतिरंजित अशी त्याची मराठी भावंडे आहेत. दलित साहित्यावर लिहिताना प्रस्थापित समीक्षकाच्या लेखणीतून यांपैकी एखादे उतरले नाही, असे क्वचितच घडते. विद्यार्थीही ती पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत ‘या कवितेत आक्रस्ताळेपणा आहे’ असे लिहून गुण मिळवतात. म्हणून या शब्दांची झडती घेणे हे केवळ कोशकाराचे काम नाही, ते आपलेही आहे.

मूळ शब्दापासून सुरुवात करू. ग्रीक भाषेत ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. स्त्रीच्या अस्वस्थतेचे कारण तिच्या शरीरात शोधण्याची रीत युरोपीय वैद्यकात फार जुनी होती. तिला काय सोसावे लागते, हे मग विचारावे लागत नसे. तक्रारीला एकदा रोग ठरवले की ती ऐकण्याची जबाबदारी उरत नाही. ‘आक्रस्ताळे’ हे विशेषण दलिताच्या बाबतीत नेमके हेच करते. ते घटनेविषयी काहीच सांगत नाही, बोलणाऱ्याच्या प्रकृतीविषयी मात्र निकाल देऊन मोकळे होते.

१५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’च्या अंकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. राष्ट्रध्वजाविषयीच्या त्यातल्या भाषेवरून वादळ उठले. पण त्या लेखाचा गाभा काय होता? परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावी दलित स्त्रीची विटंबना झाली होती. अशा गुन्ह्याला दंड पन्नास रुपये आणि ध्वजाच्या अपमानाला तीनशे, हा हिशेब ढाले यांनी मांडला होता. म्हणजे ज्याला उन्माद म्हटले गेले, ते दोन आकड्यांचे गणित होते. चर्चा शिवराळपणावर झाली आणि पन्नास रुपये बाजूला राहिले.

आवाज खाली ठेवला तर तरी ऐकले जाते का? १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. लेखी भाषण हाती पडल्यावर संयोजकांना त्यातले काही भाग असह्य वाटले. त्या भाषणात आरडाओरडा नाही. मुद्द्यामागून मुद्दा, आक्षेपामागून उत्तर अशी त्याची बांधणी आहे. तरी ते असह्य ठरले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली आणि त्यांनी भाषणाच्या १५०० प्रती स्वतः छापल्या. तेव्हा खुपतो तो स्वर नसून आशय असतो, हे उघड आहे.

या विशेषणांत एकच शब्द पुराव्याला उभा राहू शकतो, तो म्हणजे ‘अतिरंजित’. त्यात वस्तुस्थितीविषयी दावा आहे. म्हणून असे म्हणणाऱ्याला विचारले पाहिजे : कशाच्या तुलनेत अतिरंजित? ‘बलुतं’मधल्या (१९७८) दगडू पवारची कोणती आठवण वाढवून सांगितली आहे? ‘गोलपिठा’तली (१९७२) कोणती गल्ली कामाठीपुऱ्यात नव्हती? समीक्षकाने ती गल्ली पाहिली नसेल तर उणीव कवितेची की त्याच्या अनुभवाची?

आणखी एक गंमत पाहा. आपल्याच काव्यशास्त्रात अतिशयोक्ती हा अलंकार आहे. शाळेतल्या व्याकरणात दमडीच्या तेलाच्या उदाहरणाने तो कौतुकाने शिकवला जातो. राजाच्या पराक्रमाने समुद्र आटला तर ती प्रतिभा आणि पाणवठ्यावर माणसाला पाणी नाकारले असे कुणी लिहिले तर तो भडकपणा! पहिली गोष्ट कधी घडली नाही. दुसरीसाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला.

मात्र आपणही स्वतःला सूट देता कामा नये. सूर्य, ज्वालामुखी, रक्त, मशाल हे शब्द ओळीत मांडले की विद्रोह झाला, अशी समजूत आपल्या काही लिहिणाऱ्यांत रुजली आहे. त्यांतली आग दुसऱ्याच्या चुलीतून उसनी आणलेली असते. अशा कवितेला भडक म्हणण्याचा अधिकार आपण वापरलाच पाहिजे, तोही नेमकी ओळ दाखवून. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) घरातल्या पुरुषांनी सुनांवर केलेले अत्याचारही येतात. ते वाचताना आपल्यातल्याच कुणाच्या तोंडी ‘जरा जास्तच लिहिलंय’ असे आले तर आपणही त्याच समीक्षकाच्या पंगतीला बसलो, असे समजावे.

म्हणून विद्यार्थ्यांना इतकेच सांगणे आहे. विशेषण लिहिण्याआधी घटना लिहा. काय घडले, कुणावर घडले, शिक्षा किती झाली, हे आधी मांडा. त्यानंतरही ‘आक्रस्ताळे’ हा शब्द लिहावासा वाटला, तर तो बोलणाऱ्याला लावायचा की गप्प बसवणाऱ्याला, याचा विचार करा.